हापिसातली डोकेदुखी इथं उतरवा (आणि एक खराखुरा प्रश्न)

सेकंड_शिफ्टवाला (वाळूज)

मंडळी, राम राम. वाळूजच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. कंपनीचं नाव विचारू नका, घराचे हप्ते चालू आहेत.

मागच्या आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. आधीचे चार दिवस काम बाजूला आणि जमिनीवर पिवळे पट्टे मारणं चालू. पट्टे इतके मारले की ट्रॉल्या ठेवायला जागाच उरली नाही. ऑडिटच्या सकाळी साहेब म्हणले, "एकही ट्रॉली दिसता कामा नये." मग काय, सगळ्या ट्रॉल्या टेम्पोत घातल्या आणि टेम्पो बाहेर काढून दिला. साहेब चेन्नईचे, इकडं नवीन. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, टेम्पो कुठंय? मी म्हणलं, पंढरपूरला. साहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी मोबाइलवर अंतर बघितलं होतं. वाळूजला लागूनच आपलं छोटं पंढरपूर आहे हे त्यांना कोण सांगणार? मी तरी लगेच सांगितलं नाही.

ऑडिटवाला जाताना म्हणला, "तुमच्याकडं मटेरियल फ्लो फार मोकळा आहे."

डब्याच्या वेळी आम्ही यावर पोट धरधरून हसलो. पण घरी आल्यावर बायको म्हणली, "कंपनीतले विनोद कंपनीतच खर्चून येता आणि घरी नुसता गाळ आणता." बोलणं झोंबलं, कारण रात्री अकराला साहेबांचा ग्रुपवर मेसेज आला की माझा चेहरा कसा होतो ते तिलाच दिसतं.

तर प्रश्न असा: हे सगळं हसून सोडून देणं हा उपाय आहे, का नुसतं दुखणं लांबवणं? तुमच्याकडं काय चालतं ते लिहा. रडगाणं चालेल, फक्त सुरात पाहिजे.

टाकीवरचा_गुरुजी (जिंतूर)

डिस्पॅचभाऊ, तुमच्याकडं ऑडिट वर्षातून एकदोनदा येत असेल. आमच्याकडं रोज येतं, व्हॉट्सॲपवर.

"सर्व मु.अ. यांना कळविण्यात येते की, सोबतच्या लिंकवर माहिती आज दुपारी २ पर्यंत भरावी. विलंबास आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल." मेसेज येतो दीडनंतर. लिंक उघडत नाही. आमच्या वस्तीवर नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर येतं, त्यामुळं शाळेचा सगळा डिजिटल कारभार टाकीच्या जिन्यावरून चालतो. पारावरचे म्हातारे खालून विचारतात, "गुर्जी, आज परत टाकीवर? मागण्या काय हायत?"

माहिती कसली, तर आधारवरचं नाव आणि यूडायसवरचं (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) नाव जुळवायची. पोराचं नाव आईनं एक ठेवलेलं, आत्यानं दुसरं, आणि आधारवाल्यानं तिसरंच छापलेलं. वाढदिवसांचं तर विचारूच नका. जुन्या पिढीचं अख्खं गाव १ जूनला जन्मलंय, नवीन १ जानेवारीला. मधल्या महिन्यांत आमच्याकडं कुणी जन्मत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम लावू नये. त्यावर आमच्या केंद्रातल्या मास्तरांनी तोडगा काढलाय. कुठलंही नवीन काम आलं की ते आपत्तीत धरायचं.

लालपरीवाला_तात्या (अंबाजोगाई)

गुर्जी, उतरा टाकीवरून अन आमच्या गाडीत बसा. इथं तर टाकीबी नाही.

मी वाहक. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. तवापासून नवरा-बायकोची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळायलीत. केजला एक पाव्हणे चढले, म्हणले एक फुल एक हाफ. बाई लगेच म्हणल्या, "ह्यांना उतरवा, मी एकटीच जाऊन येते. येतानाबी अर्धंच लागंल."

७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट. एका आजोबाचं आधार बघितलं, वय ७३. म्हणलं, बाबा, अर्धं तिकीट लागतंय, फुकटाला अजून दोन वर्षं थांबा. म्हणले, "तवर मी थांबतो का नाही त्याची ग्यारंटी तुझं म्हामंडळ देतंय का?" मागच्या शीटावरून दुसरं म्हातारं बोललं, "तू गेलास तर तुझ्या आधारवर मी फिरीन, तू काळजी करू नको." अख्खी गाडी हसली. आजोबाबी हसले. अर्धं तिकीट काढलं गुमान.

आता सुट्ट्या पैशाची कटकट कमी झाली, पर क्यूआरची नवीन लागली. मांजरसुंब्याच्या घाटात पाव्हण्यानं पैसे टाकले की ते घाटातच फिरत ऱ्हातेत. पाव्हणा म्हणतो गेले, मशीन म्हणतं आले नाहीत, अन मधी मी.

मी डोक्यात घेत नाही. शिव्या काय तिकिटावर छापून येत नाहीत.

भोकरदनकर

"साहेबांनी अंतर बघितलं होतं" 😂 डबा खाता खाता ठसका लागला. बाकीचं नंतर वाचतो.

खिडकी_नंबर_तीन (लातूर)

मी बँकेत. ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते मिळून ३००० रुपये राखीच्या तोंडावर खात्यात पडायला लागले. रांग एवढी की चहावाल्यानं रांगेच्या मध्यावर दुसरा गाडा लावला. एक आजी खिडकीतून पासबुक सरकवतात, "बघ गं माय, काय पडलंय का." नेमकी लिंक गेलेली.

"आजी, सर्व्हर डाऊन आहे."
"म्हंजे?"
"म्हणजे बसलाय तो."
"मंग त्याला उठीव की."

मागच्या बाईनं विचारलं काय झालं, तर आजी म्हणल्या, "सर्वर झोपलाय मेला, भर दुपारी." पुढं दिवसभर शाखेत एकच चाललेलं, उठला का, उठला का. कॅशपासून शिपायापर्यंत. अजूनही लिंक गेली की आमच्यात कुणी डाऊन म्हणत नाही, झोपला म्हणतात.

त्या दिवशी हसलो नसतो तर कुणीतरी रडलं असतं, बहुतेक मीच. पण धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर याच्या पुढं आहे. शाखेत तीन माणसांची जागा रिकामी होती. संध्याकाळी वरून पाहणीला साहेब आले, त्यांनी आमचा हा सगळा खेळ बघितला आणि जाताना म्हणाले, "एवढ्या गर्दीतही स्टाफ किती आनंदी आहे!" तीन जागा अजून रिकाम्याच आहेत. तेव्हापासून साहेब लोक आले की मी हसत नाही.

सेकंड_शिफ्टवाला

ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे. हसणारा माणूस दिसला की वरच्यांना वाटतं ह्याच्यात अजून जागा आहे, अजून दोन कामं बसतील.

फ्यूजवाला (गेवराई)

सगळ्यांचं वाचलं, मलाबी हसू आलं. पर एक बोलतो, राग मानू नका.

मी वायरमन. शेतीची थ्री फेज लाईट आठ तास, पाळीपाळीनं, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रब्बीत रात्री बाराला फोन येतो, "भाऊ, लाईट कवा येणार?" दीडला दुसरा, "आली होती, गेली." अडीचला तिसरा येतो, तो काहीच बोलत नाही, नुसता मोटारीचा बंद आवाज ऐकवतो. ह्यावर आम्ही हसतो, हसावंच लागतंय. गव्हाला पाणी द्यायला थंडीत उभा ऱ्हाणारा माणूस शिवी देणार नाही तर काय आरती ओवाळणार?

पर आमच्याकडं ठेकेदाराचं एक पोरगं होतं. बिनधास्त. परमिट, म्हंजे लाईन बंद केल्याची लेखी परवानगी, न घेता खांबावर चढायचं. सगळं सेक्शन त्याला झटकाप्रूफ म्हणायचं. हातमोजे मागितले तर वरचे म्हणायचे, तुला कशाला, तू तर झटकाप्रूफ. पोरगंबी हसायचं. एक दिवस लाईन बंद असताना चढलं अन कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा लाईनीत आला. जीव वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. वय तेवीस.

तवापासून आमच्या ग्रुपात चढायच्या कामावर विनोद बंद. परमिट, मग टेस्टर, मग दोन्हीकडून अर्थिंग टाकायचं, अन मगच पाय खांबावर. कुणी घाई केली तर त्याला खाली थांबायला सांगतो. फोन किती का येईनात.

तात्या, तुमच्या गाडीतला विनोद वेगळा. तिथं कुणाचा हात जात नाही.

लालपरीवाला_तात्या

दादा, बरोबर हाये. काय बोलावं कळंना. त्या पोराचं पुढं काय झालं?

फ्यूजवाला

गावात झेरॉक्सचं दुकान टाकून दिलं, वर्गणी काढून. डाव्या हातानं चांगलं चालवतंय. भरपाईची फाईल अजून फिरायलीय.

अकरा_महिने (हिंगोली)

फ्यूजवाले दादा, तुम्ही ज्या पोराचं लिहिलं ते ठेकेदाराचं होतं हे महत्त्वाचं. मी आरोग्याकडं कंत्राटी डाटा ऑपरेटर. आमच्यात एक नियम आहे. साहेबाचा विनोद कायमवाल्याला नाही कळला तरी चालतं, कंत्राटीला कळावाच लागतो. आणि पहिला हसायला पाहिजे. कायमवाला दुसरा हसतो, सावकाश, पान थुंकून आल्यावर.

अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा ब्रेक, मग परत अकरा महिने. ब्रेकच्या दिवशी कागदोपत्री मी बेरोजगार असतो. साहेबांचा फोन मात्र येतो, "ती फाईल कुठं ठेवलीस?" मी म्हणतो, साहेब, मी आज नोकरीत नाही. साहेब म्हणतात, "माहितीय रे, पण फाईल कुठंय?"

जालन्याचा_लोखंड्या

रोलिंग मिलमध्ये आहे. मे महिन्यात बाहेर ४३ आणि आत भट्टी. आमचा सुपरवायझर म्हणतो, "बाहेर गेलात तर ऊन लागंल, आतच थांबा." विनोद होता का माया, अजून कळलं नाही.

धाग्यावर एक कामाची गोष्ट टाकतो. आठवड्याला ४८ तास आणि त्याच्या वरच्या कामाला दुप्पट मजुरी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलंय. आमच्याकडं दुप्पटीच्या जागी "बदली सुट्टी देऊ" म्हणतात. ती सुट्टी कुणी बघितली असेल तर कळवा, हार घालू.

पुण्यात_अडकलेला_लातूरकर

तुमचे साहेब निदान तोंडावर बोलतात. इकडं हिंजवडीत कुणी रागावत नाही. "जेंटल रिमाइंडर" येतो. दुसऱ्या दिवशी "काइंड रिमाइंडर". तिसऱ्या दिवशी त्याच मेलवर माझ्या साहेबाचा साहेब जोडलेला असतो आणि भाषा आणखी गोड झालेली असते. भाषा जेवढी गोड, तेवढं आपलं मरण जवळ. आमच्या लातुरात समोरून येऊन "काय करूलालास बे सकाळपासून?" म्हणलं की विषय संपतो, मग दोघं मिळून चहा प्यायला जातात.

सुट्टीचा किस्सा. १७ सप्टेंबरला रजा टाकली, कारण लिहिलं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मॅनेजर गुडगावचा. म्हणला, स्वातंत्र्य दिन ऑगस्टमध्ये झाला ना? त्याला समजावून सांगितलं की आम्ही हैदराबाद संस्थानात होतो, निजामाकडून सुटलो १९४८ ला, देशाच्या १३ महिने मागून. तो शांतपणे म्हणला, "म्हणजे डिलिव्हरी लेट करायची परंपरा तिथली आहे तर."

रजा मंजूर केली पण. डिसेंबरात वेळ अमावास्येची मागितली तेव्हा मात्र हात टेकले. "तुम्ही सगळे जण शहर सोडून शेतात जाता आणि जेवता? एवढंच?" एवढंच. त्याला रिकाम्या लातूरचा फोटो पाठवला, भर दुपारी मेन रोडला कुत्रं नाही. म्हणला, "हा कर्फ्यू आहे." मी म्हणलं, नाही, आंबील आहे.

खिडकी_नंबर_तीन

आंबिलीनंतरचा कर्फ्यू तर शेतातही असतो. सगळे बाभळीखाली आडवे. 😀

तुळजापूरची_सून

लातूरकर, वेळ अमावास्या नाही, येळवस म्हणा. आणि भज्जी आमच्या धाराशिवकडचीच. हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, बोरं, गाजर, चिंच, वरून बेसन लावून घोटलेली. लातूरवाले त्यात काय काय टाकतात देव जाणे.

पुण्यात_अडकलेला_लातूरकर

सूनबाई, लातूर जिल्हा तुमच्यातूनच १९८२ ला वेगळा निघाला. वाटणीत भज्जी आमच्याकडं आली, मंदिर तुमच्याकडं राहिलं. तक्रार असेल तर तेव्हाच करायची.

तुळजापूरची_सून

वाटणी चुकली. फेरफार टाकते.

रेकॉर्डरूम (जालना)

फेरफाराला आमच्याकडं या, पण सध्या रांग आहे.

देखरेख_करणारा

भज्जीसाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढावा ही विनंती. (उंडे कुणी नीट शिकवत असेल तर मीही येतो.)

नाव_नको (छत्रपती संभाजीनगर)

बरेच दिवस वाचते, पहिल्यांदा लिहिते.

फ्यूजवाले दादांनी लिहिलं म्हणून धीर आला. आमच्या हापिसात एक विनोदवीर आहेत, वयानं, मानानं मोठे. त्यांचे सगळे विनोद बायकांवर. आधी सर्वसाधारण बायकांवर होते, मग साडीवर आले, मग माझ्यावर. आजूबाजूचे हसतात. मी नाही हसले तर "मॅडम आज मूडमध्ये नाहीत." हसले तर पुढचा विनोद आणखी एक पायरी खाली. इथं हसून सोडून देणं म्हणजे परवानगी दिल्यासारखं होतं.

भोकरदनकर

ताई, एवढं मनावर घेऊ नका, जुन्या लोकांची बोलायची पद्धत असते. गंमत असते हो.

खिडकी_नंबर_तीन

भोकरदनकर, गंमत असेल तर त्यांनी ती स्वतःच्या साहेबावर करून दाखवावी. तिथं कशी "पद्धत" आठवते बघा.

नाव_नको, हे वाचा. २०१३ चा कायदा आहे. लैंगिक सूचक बोलणं त्यात येतं, मग ते विनोद म्हणून का बोललेलं असेना. १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष बाई पाहिजे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत. त्यामुळं आजपासून तारीख, वाक्य आणि कोण कोण हजर होतं ते वहीत लिहून ठेवा. वही घरी ठेवा, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाही.

भोकरदनकर

ताई, मला कायदा माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक गोष्ट समितीपुढं नेली तर हापिसात कुणी कुणाशी बोलणार नाही. आधी तोंडावर सांगून बघायला काय हरकत आहे? इथं मतभेद राहू द्या.

नाव_नको

तोंडावर सांगितलं होतं. त्याचाही विनोद झाला.

वही घेतली आज.

शांत_बसा_जरा (नांदेड)

मी समुपदेशनाचं काम करते. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर थोडं.

विनोदाच्या सवयींवर रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रश्नावली मांडली. त्यांनी चार तऱ्हा वेगळ्या काढल्या. माणसं जोडणारा विनोद, म्हणजे तात्यांच्या गाडीतला. स्वतःला सावरणारा, एकट्यानंही हसू शोधणारा, टाकीवरच्या गुरुजींचा. दुसऱ्याला टोचणारा, तो नाव_नको यांच्या हापिसात आहे. आणि चौथा स्वतःलाच खाली पाडून इतरांना हसवणारा. झटकाप्रूफ म्हणवून घेणारं पोरगं मला तिथं दिसतं. पहिल्या दोन तऱ्हा आणि बरी मनःस्थिती बहुधा एकत्र सापडतात. चौथीबरोबर उदासी जास्त दिसते. माझ्याकडं येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात, ग्रुपमधले सगळ्यांत विनोदी. त्यांना झोप नसते.

कामाच्या सततच्या ताणानं येणारं रितेपण, ज्याला बर्नआउट म्हणतात, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित परिस्थिती म्हणून त्याची नोंद आहे. म्हणजे दुरुस्ती नुसती माणसाची करून भागत नाही, कामाचीही करावी लागते. हे मी प्रत्येक कंपनीच्या कार्यक्रमात सांगते आणि पुढच्या वर्षी मला त्या कंपनीत बोलवत नाहीत.

झोप उडाली असेल, सतत चिडचिड होत असेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी सेवा, २०२२ पासून आहे. फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं.

टाकीवरचा_गुरुजी

मॅडम, चारही प्रकार परीक्षेला येणार का? आणि आज दुपारी २ पर्यंत लिंकवर भरायचेत का?

(नंबर शाळेच्या फळ्यावर लिहिला. पालकसभेतही सांगतो.)

अकरा_महिने

मॅडम, पाचवा प्रकार राहिला. पगार होण्यासाठी केलेला विनोद.

रेकॉर्डरूम (जालना)

मघाशी एका ओळीत निसटलो, आता सविस्तर.

आमच्याकडं रेकॉर्डरूमला बदली म्हणजे शिक्षा. धूळ, वाळवी, एक बल्ब. ज्याचं साहेबाशी पटत नाही तो इकडं. माझं कुठल्याच साहेबाशी पटलं नाही, म्हणून मी अनुभवी. मग २०२३ च्या शेवटाला जुन्या कुणबी नोंदी शोधायचा आदेश आला आणि रात्रीतून आम्ही हिरो झालो. राजकारण बाजूला ठेवा, देखरेखवाले बसलेत. मी कामाचं सांगतो. मराठवाड्याचे जुने कागद निजामाच्या काळचे, बरेच उर्दूत, काही मोडीत. वाचणार कोण? मोडी येणाऱ्या माणसाला एरवी कुणी नमस्कार करत नव्हतं, त्याला आता गाडी पाठवून आणत होते. उर्दूसाठी निवृत्त मास्तरांच्या घरी साहेब स्वतः गेले. रोज सायंकाळी किती पानं तपासली त्याचा तक्ता. पान उलटलं की चुरा व्हायचा, पण तक्त्यात चुऱ्याचा रकाना नव्हता.

एका रात्री, सगळे पार थकलेले, मोडीवाले आजोबा एकदम हसायला लागले. हिशेबाच्या पानाच्या कोपऱ्यात कुणा जुन्या कारकुनानं चित्र काढलेलं. पगडी, भलंमोठं नाक, पुढं आलेलं पोट. शंका घ्यायला जागाच नाही, साहेब! शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी अशाच कंटाळलेल्या रात्री ते काढलं असणार, आणि पकडला गेला नसणार, कारण पान शाबूत होतं.

आमच्या साहेबांनी विचारलं, काय सापडलं? आम्ही म्हणलं, नोंद नाही साहेब.

लालपरीवाला_तात्या

😂😂 रेकॉर्डभाऊ, लई भारी. नाक कुणासारखं होतं तेवढं सांगा.

रेकॉर्डरूम (जालना)

तात्या, अजून सहा वर्षं सर्व्हिस आहे.

सेकंड_शिफ्टवाला

धागा इतका लांब जाईल वाटलं नव्हतं. सगळं वाचून दोन गोष्टी केल्या, कळवतो.

ट्रॉल्यांचा तक्ता काढला, किती ट्रॉल्या, किती जागा. सुपरवायझरला घेऊन साहेबांकडं गेलो. हसत नाही गेलो, खिडकीवाल्या ताईंचं ध्यानात ठेवून. साहेब म्हणले, जागेचं पुढच्या ऑडिटच्या आधी बघू. म्हणजे बहुतेक बघणार नाहीत. पण रात्रीच्या मेसेजचं बोललो ते लागलं. आता नऊनंतर मेसेज येत नाही. सकाळी सहाला येतो, रात्रीचा साठलेला, एकदम अकरा. फ्यूजवाल्या दादांचं वाचून आणखी एक विचारलं, की ट्रॉल्या टेम्पोत भरताना फोर्कलिफ्टवर पोरं उभी राहतात ते कोण थांबवणार? त्यावर सगळे गप्प झाले. सोमवारी सेफ्टीवाल्याला बोलावलंय.

दुसरं, बायकोला पंढरपूरचा किस्सा सांगितला. ती म्हणली, हा आठवडाभर दाबून ठेवला होतात? मग सासूबाईंना फोन लावून तिनंच सांगितला, माझ्यापेक्षा चांगला. त्यात साहेब आता दर्शन घेऊनच परत येतात.

भोकरदनकर

उशिरा येतोय. नाव_नको ताई, मी घरात बहिणीला विचारलं. ती शाळेत शिपाई आहे. तिनं जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मतभेद मागं घेतो.

नाव_नको

ठीक आहे दादा. तुमच्या बहिणीलाही वहीचं सांगा.

जालन्याचा_लोखंड्या

बदली सुट्टी अजून कुणी बघितली नाही वाटतं. हार सुकला.

अकरा_महिने

मंडळी, उद्या माझा ब्रेक. कागदोपत्री मोकळा माणूस. फोन बंद ठेवून कुठंतरी जावं म्हणतो. सुचवा.

लालपरीवाला_तात्या

या अंबाजोगाईला. योगेश्वरीचं दर्शन घ्या, मुकुंदराजाला जाऊन या, दुपारी डेपोसमोर मिरचीचे भजे माझ्याकडून. घाटात नेटवर्क जातंय, साहेबाचा फोन लागायचा नाही. तिकीट मात्र फुल पडंल, तुम्ही बाई बी नाहीत अन ७५ चे बी नाहीत.